ॲक्सिलरेटर उजवीकडंच असतो

अप्पांचा उजवा हात मिटतो, पण उघडत नाही. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून हे असं आहे. पाय सुटला, जीभही सुटली आणि ती जरा जास्तच सुटली असं आईचं म्हणणं आहे, पण उजवी मूठ काही सुटली नाही. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "बोटं दाबली जातात, पण सोडता येत नाहीत. सोडणं यायला हवं. आणखी दोन-तीन महिने असेच गेले तर मूठ कायमची आखडेल." मग चप्पल घालून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

व्यायाम म्हणजे स्पंजचा एक पिवळा चेंडू. तो धरायचा, दाबायचा आणि सोडायचा. अप्पा धरायचे, दाबायचे. बाई म्हणायच्या, "सोडा." अप्पा चेंडूकडे बघत बसायचे. बाई पुन्हा म्हणायच्या, "काका, सोडा." पाचव्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने उजव्या मुठीतून चेंडू उपसून काढला आणि खिडकीतून खाली टाकला. "कुत्र्याला व्हईल खेळायला," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. नंतर बाई आल्या की ते झोपलेलेच असत. मी चिडले, ओरडले, दोन दिवस बोलले नाही. माझ्या रागाचा त्यांच्या बोटांवर काहीही परिणाम झाला नाही.

अप्पा बत्तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. सिल्लोड, सोयगाव, बहुतेक तोच रस्ता. या बत्तीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की आता ते फक्त "बत्तीस वर्षं" एवढंच म्हणतात आणि पुढचं आम्ही समजून घेतो. असा माणूस एका पिवळ्या चेंडूपुढे हरला, हे त्यांना सहन होत नव्हतं. मला कळत होतं. तरी राग यायचाच.

शेक द्यायची रबरी पिशवी शोधायला मी माळ्यावर चढले आणि तिथे मला गेम सापडला. आमच्या घरात त्या यंत्राला गेम असंच म्हणतात. करडा रंग, वर गोल झाकण, आत डिस्क फिरते. मी नववीत असताना सिल्लोडच्या एका माणसाकडून अप्पांनी तो घेतला होता. तो माणूस दुबईहून परत आला होता आणि गेममुळे त्याच्या घरात कुणी अभ्यास करेना म्हणून विकत होता. अप्पांनी तो माझ्यासाठी आणला आणि मी अभ्यास करेना म्हणून माझ्याकडून काढून घेऊन स्वतःच खेळायला लागले.

डिस्क एकच होती, मोटारींच्या शर्यतीची. अप्पा शर्यतीतही डाव्या बाजूने चालवायचे. वळणावर ओव्हरटेक करायचे नाहीत. मागून कुणी घाईत आलं तर त्याला वाट द्यायचे. आठ गाड्यांत ते कायम आठवे यायचे आणि कंट्रोलर खाली ठेवून म्हणायचे, "बघ. एक ओरखडा नाय." मी पहिली यायचे, पण तोवर माझ्या गाडीला बंपर उरलेला नसायचा. तुला कुणी लायसन्स देणार नाही, असं ते तेव्हापासून म्हणत आले. मला तीनदा परीक्षा द्यावी लागली.

माळ्यावर बसल्या बसल्याच मला सुचलं. गेममध्ये डाव्या अंगठ्याने गाडी वळवायची आणि उजव्या अंगठ्याने खालचं बटण दाबून धरायचं, तो ॲक्सिलरेटर. वळण आलं की सोडायचं. म्हणजे दाबा आणि सोडा. चेंडूसारखंच, फक्त चेंडूला वळणं नसतात.

गेम चालू होत नव्हता, ही एक अडचण होती. डिस्क वाचणारी लेन्स म्हातारी झाली होती. शेवटी शेवटी तर आम्ही तो उलटा, पाठीवर ठेवायचो, तेव्हाच चालायचा. शिवाय आमच्या नव्या टीव्हीला जुन्या तीन रंगांच्या पिना लावायला जागाच नाही. म्हणून मी इंटरनेटवर वाचायला बसले आणि तीन आठवडे तिथेच राहिले.

या विषयावर जगभरातली माणसं एकमेकांशी भांडतात. एक गट म्हणतो, डिस्कचा भाग सगळा उपटून टाका आणि कार्ड बसवा, हजार गेम मावतात. दुसरा म्हणतो, मग ते मशीनच राहिलं नाही. कुणी चित्र इतकं स्वच्छ करून घेतो की त्यातला चौकोन न् चौकोन मोजता येतो, आणि कुणी मुद्दाम धूसर ठेवतो, कारण लहानपणी धूसर होतं. कपॅसिटर नावाच्या मुगाएवढ्या वस्तूवर एकाने पानंच्या पानं लिहिली होती. मी ती सगळी वाचली. मला हे आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. अप्पा आतल्या खोलीत मूठ आवळून झोपलेले आणि मी बाहेर कपॅसिटरबद्दल मत बनवत बसलेले. शेवटी मी यादी केली: नवी लेन्स, नवे कपॅसिटर, कार्ड, नव्या टीव्हीची पिन, आणि कुठल्याही देशाची डिस्क चालावी म्हणून एक चिप.

"गेम पैठण गेटला नेऊन मॉड करून आणते," मी आईला म्हणाले.

"मोडून? मोडायचा तर पैठण गेटला कशाला जातीस? दारावर भंगारवाला येतोय की."

"मोडून नाही गं, मॉड. म्हणजे त्यात बदल करायचे."

"आधी बाप बदलून दाव," आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

पैठण गेटजवळच्या गल्लीत एक चाचा मिक्सर, रेडिओ, रिमोट, जे येईल ते दुरुस्त करतात. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं आणि वस्तू आत जाते. त्यांनी माझी यादी चष्मा वर करून वाचली.

"कित्ते डिस्कां हैं तुमारे पास?"

"एक."

"फिर कार्ड कायकू?" त्यांनी कार्डावर काट मारली. "ये चिप कायकू? दूसरे मुल्क की डिस्क है क्या घर में?" चिप गेली. त्यांनी गेम उघडून आत बघितलं, कपॅसिटरना बोट लावलं आणि तेही खोडले. लेन्स आणि पिन उरली. तीन आठवड्यांच्या अभ्यासाचा निकाल दीड मिनिटात लागला.

मग मी अप्पांच्या हाताचं सांगितलं. चाचांनी लगेच तोडगा काढला. ॲक्सिलरेटरची वायर डावीकडच्या वरच्या बटणाला जोडतो, चांगल्या हाताने खेळतील. मी मान डोलावली. इतकी दयाळू कल्पना होती की आपण हे कशासाठी करतोय तेच मी विसरले.

अप्पांना भिंतीपासून टीव्हीकडे वळवायला गेम सुरू झाल्याचा आवाज पुरला. त्यांनी कंट्रोलर मांडीवर घेतला, डाव्या हाताने उजवा अंगठा उचलून बटणावर ठेवला आणि दाबला. गाडी हलली नाही. मी सांगितलं की ॲक्सिलरेटर आता डावीकडे आहे, तुमच्या सोयीसाठी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा लायसन्सच्या परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

"ॲक्सिलरेटर उजवीकडंच असतो," अप्पा म्हणाले. "जगातली कंची गाडी डावीकडनं पळती? नीट करून आण."

चाचांनी दुसऱ्या दिवशी वायर परत उजवीकडे जोडली. "ड्रायव्हर आदमी है," ते म्हणाले, "सही बोल्या."

त्या संध्याकाळी अप्पांनी बटण दाबलं आणि गाडी निघाली. मी टाळी वाजवणार होते. पण पहिलं वळण आलं आणि अंगठा उठला नाही. त्यांनी गाडी वळवायचा प्रयत्न केला, वेग कमी होईना, आणि गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली. अंगठा तसाच होता. गाडी भिंतीला नाक लावून चाकं फिरवत राहिली. अप्पा डाव्या हाताने अंगठा ओढत होते आणि गाडी भिंतीवर घासत होती. मी शेवटी पिन उपटली.

"ॲक्सिडंट झाला," अप्पा म्हणाले.

मी म्हणाले, "अहो, गेम आहे." याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना रडताना तोवर पाहिलेलं नव्हतं, आणि मला ते पाहायचंही नव्हतं. ते पुन्हा भिंतीकडे वळले आणि दोन दिवस जेवायलासुद्धा बाहेर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेले. मला स्वतःसाठी एक ब्रेक हवा होता. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली असतो तसा. अप्पांचा अंगठा अडकला की मी शेजारून दाबणार. चाचांना मी अगदी सोपं करून सांगितलं, "अप्पा ड्रायव्हर, मी कंडक्टर. मला एक बटण द्या."

चाचांनी कंट्रोलर ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. मी गेले तर त्यांनी कंट्रोलर जसाच्या तसा परत दिला. सोबत लाकडी पट्टीवर बसवलेली जुनी दारावरची बेल, एक सेल आणि लांब वायरीच्या टोकाला बटण.

"ब्रेक कुठाय?" मी विचारलं.

"कंडक्टर ब्रेक मारता क्या? कंडक्टर बेल मारता." त्यांनी बटण दाबून दाखवलं. ठण्ण. "वो चिडिया की आवाजवाली नक्को बोल्या मैं. ये बराबर है."

"आणि ही गेमला कुठे जोडायची?"

"कायकू जोडना?"

मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. ते माझं चुकीचं ऐकून बसले होते आणि वर समजावून सांगत होते. चाचा म्हणजे लाल गाडीने आयुष्यभर येजा केलेला माणूस, कंडक्टर म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचणारच नव्हतं. मी बेल पिशवीत टाकली आणि तणतणत घरी आले.

अप्पांपुढे मी ती फक्त चेष्टा म्हणून ठेवली. ब्रेक मागितला, हे दिलं, बघा. अप्पांनी बेल हातात घेतली, डाव्या अंगठ्याने दाबली. ठण्ण. थोड्या वेळाने ते उठून बसले आणि म्हणाले, "लाव गेम."

मी त्यांच्या मागे, पलंगाच्या कडेवर बसले. लाल गाडीत एक टोला म्हणजे थांब आणि दोन टोले, म्हणजे डबल, दिले की चल, एवढं मला माहीत होतं. मी दोन टोले दिले. अप्पांनी अंगठा दाबला आणि गाडी निघाली. बाकीच्या सात गाड्या पुढे गेल्या. वळण दिसायला लागलं. अंगठा बटणावर रुतलेला, नख पांढरं पडलेलं. मला भीती वाटत होती. माझ्या हातात काही नव्हतं, कुठेही न जोडलेलं ते एक बटण सोडून. मी ते एकदा दाबलं.

ठण्ण.

अंगठा उठला. आधी तिळाएवढा, मग पूर्ण. कुणी ओढला नाही, कुणी "सोडा" म्हटलं नाही. गाडी हळू झाली, डाव्या कडेला आली आणि भिंतीच्या अलीकडे उभी राहिली. दारात आई हातात पळी घेऊन उभी होती. तिने पळी तोंडावर दाबून धरली. मला पडदा नीट दिसेनासा झाला. मी रडत होते आणि बेल मांडीवर तशीच पडली होती.

अप्पांनी आपल्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. ते समोर रस्त्यावर नजर लावून बसले होते. थोडा वेळ वाट बघून त्यांनी मान किंचित मागे वळवली.

"अगं, डबल दे की," ते म्हणाले. "पॅसेंजर खोळंबलेत."