तो फ्लेक्सवरचा माणूस किती देवांचा?

"शर्ट काढ," मॅडम म्हणाल्या.

शर्ट नवा होता. इतका नवा, की कॉलरीतला पुठ्ठा मी मुद्दाम काढला नव्हता. मान ताठ राहावी म्हणून. आणि खिशात भाषण होतं. हो, भाषण. हसा खुशाल. मीसुद्धा हसतो.

चंद्रपूरजवळ एका कंपनीच्या कॉलनीत मी ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन होतो. मॅडम म्हणजे तिथल्या मोठ्या साहेबांच्या बायको, क्लबच्या अध्यक्ष. त्यांचा मुलगा अमेरिकेत. तो राहतो त्या गावात अमेरिकी कलेचं मोठं म्युझियम आहे. तिथे आजवर होऊन गेलेल्या प्रदर्शनांतली चित्रं मॅडमनी त्याच्याकडून मागवली आणि चंद्रपुरात फ्लेक्सवर छापून घेतली. नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स जिथे निघतात, त्याच दुकानात. तिकडे उतरवलेलं इकडे टांगायचं. त्यांनी जेवून उठायचं, यांनी ताट चाटायचं, आणि वर एकमेकांना सांगायचं, काय चव आहे!

लाईट लावायचं काम माझं. शिडीवर होतो, तेव्हा मॅडम खालून म्हणाल्या, "अरे, तू भामरागडकडचा ना? माडिया? उद्घाटनाला तू पाहिजेसच. स्टेजवर. घरच्यांनाही बोलव."

मला वाटलं, बोलायला बोलावलं. आदिवासी कलेवर. मला कलेतलं काय कळत होतं? वायर जोडली की वर टेप नीट गुंडाळतो, एवढीच माझी कला. तरी जेवणाच्या सुट्टीत बसून भाषण लिहिलं. ठेकेदाराला सांगितलं. चहावाल्याला दोनदा सांगितलं. मायला फोन केला. उन्हाळा होता, रस्ते उघडे होते. पावसाळा असता तर नाल्याला पूर आला असता, माय गावातच अडकली असती आणि माझी इज्जत वाचली असती.

तर, शर्ट काढला. कोणी हात धरला नव्हता. पण गेटपासवर सही ठेकेदाराची आणि ठेकेदारावर मर्जी साहेबांची, एवढा हिशेब मला येत होता. शर्ट घडी करून मीच खुर्चीवर ठेवला. मॅडमच्या भाचीने गालावर पोस्टर कलरचे पट्टे ओढले. जीन्सवरून तपकिरी पडदा गुंडाळला. डोक्यावर ऑनलाईन मागवलेला पिसांचा टोप. हिरवी आणि जांभळी पिसं. असला पक्षी आमच्या जंगलात नाही, अमेरिकेतही नसणार. एका साहेबांना माझ्या हातात भाला हवा होता. भाला कुठून आणणार? मग हॉलमधला लांब दांड्याचा झाडू धरायला दिला, खालचा झुपका पडद्यात लपवून.

असा मला एका ठोकळ्यावर उभा केला. शेजारी सगळ्यात मोठा फ्लेक्स. त्यावर तिकडचा एक आदिवासी म्हातारा, डोक्यावर पिसं, चेहरा दगडासारखा. "सेम टू सेम!" मॅडम म्हणाल्या. माझ्यात आणि त्याच्यात सेम एवढंच होतं, की दोघांनाही कोणी विचारलं नव्हतं.

बाहेर चंद्रपूरचं ऊन माणूस भाजत होतं. आत एसीत माझ्या उघड्या अंगावर काटा. लोक आले, सेल्फी काढून गेले. एका लहान पोरीने मला बोट लावून पाहिलं आणि ओरडली, "मम्मी, हा गरम आहे."

मी काय केलं? छाती फुगवली. फोटो चांगला यावा म्हणून. माझी अक्कल ही अशी.

मग माय आली. हातात चारोळीचं गाठोडं. ज्यांनी पोराला स्टेजवर बोलावलं, त्यांच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? गाठोडं तिने टेबलावर गुच्छांच्या शेजारी ठेवलं. मग मला पाहिलं. फ्लेक्स पाहिला. परत मला. आणि नदीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारतात तसल्या आवाजात विचारलं, "हा किती देवांचा?"

आमच्यात अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच. चार देवांचा, पाच, सहा की सात? त्यावरून कळतं, हा भाऊ लागतो की सोयरा, याच्याशी थट्टा चालते की अदबीने राहायचं. नाव त्यानंतर. फ्लेक्स आहे हे तिला दिसत होतं. पण फ्लेक्सवर असला तरी माणूस माणूसच. आणि तिच्या पोराच्या शेजारी उभा, म्हणजे नात्यात कुठेतरी बसणारच.

मॅडमनी माईक माझ्यापुढे धरला. "काय विचारतात त्या? सांग ना सगळ्यांना."

मी सांगितलं. आणि अंगात काय आलं, पुढे म्हणालो, "तुम्ही किती देवांचे, मॅडम?" मला वाटलं, आता हॉल चिडीचूप होईल.

"आम्ही बाई तेहतीस कोटींचे!" मॅडम म्हणाल्या. टाळ्या. साहेब तर खोकला येईस्तोवर हसले. माझी तलवार ही अशी. त्यांनी तिने भाजी चिरली आणि परत दिली.

माय हसली नाही. "हासून काऊन राह्यले हे?" ती म्हणाली. "माहीत नाई त नाई म्हणावं. खाली लिहलं असंल, वाच तू."

मी वाकून वाचलं. चित्रकाराचं नाव होतं. चित्र दान देणाऱ्या शेठचं नाव होतं. प्रदर्शन कधी उघडलं, कधी उतरवलं, तेही होतं. म्हाताऱ्याचं नाव नव्हतं.

"नाई लिहलं," मी म्हणालो.

"अन् तुह्या पायाखाली?"

ठोकळ्यावर पाटी होती. ती मी तोवर पाहिलीच नव्हती. 'जिवंत परंपरा'. बस.

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो रंगवणाऱ्यापुढे बसला, तेव्हा त्याच्या पाठीमागे कदाचित बंदूक असेल. माझ्या हातात झाडू होता.

मी खाली उतरलो. झाडू भिंतीला टेकवला. टोप काढून ठोकळ्यावर ठेवला, पाटीच्या वर. आता परंपरा पूर्ण झाली. ठेकेदार धावत आला, कानाशी म्हणाला, "काय करून राह्यला बे? चढ वर."

"नाई चढत, भाऊ."

"गेटपास पाह्यजे का नाई तुले? नाई त उद्या जमा कर."

"आजच घ्या."

आता पास जीन्सच्या खिशात आणि जीन्स पडद्याच्या आत. बंड करताना माणूस रुबाबदार दिसावा अशी अपेक्षा असते. मी एका हाताने पडदा सावरत, दुसऱ्या हाताने मांडी खाजवल्यासारखा पास शोधत होतो. सापडला. दिला.

मग माझ्या कामाला लागलो. स्टँडवरचा हॅलोजन मीच लावला होता, ठोकळ्याकडे तोंड करून. तो फिरवला. सोफ्यांकडे. साहेबांनी डोळ्यांवर हात घेतला, मॅडमनी पर्स. माय सोफ्यांच्या रांगेपुढून चालत गेली. सावकाश. एकेकाच्या तोंडाकडे पाहत. घाई तिला नव्हती, प्रदर्शनच बघायला आली होती. शेवटच्या सोफ्याशी थांबली आणि मला म्हणाली, "चाल. यायच्यात आपलं कोणी नाई."

जाताना तिने टेबलावरचं चारोळीचं गाठोडं उचलून घेतलं, मी खुर्चीवरचा शर्ट.

बसमध्ये मी तिला भाषण वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर तिला झोप लागली. भाषण तसंच होतं.

आता धानोऱ्यात माझं दुकान आहे. पंपांच्या जळालेल्या मोटारी भरतो, वायरिंग करतो, लग्नांत लाईट लावतो. परवा एका संस्थेचा फोन आला. महोत्सव आहे, बाहेरचे पाहुणे येणार, पारंपरिक वेशातली चार माणसं हवी आहेत. तुम्ही त्यांच्यातलेच ना, उभे राहाल का?

मी सांगितलं, लाईट लावून देतो. लाईटीत उभा राहत नाही. मी नाही, माझा पोरगा नाही, मी सांगेन तो कोणी नाही. आणि लाईटीचं तोंड कोणाकडे करायचं, ते मी ठरवतो.