बाणकोटच्या खाडीत बांधलेली शेळी

हिर्डोशीहून निघाले तेव्हा माझ्याजवळ एक गाठोडं, एक दुभती शेळी आणि अठरा वर्षांची अक्कल होती. तिघांत कामाची शेळीच. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. माझी थोरली बहीण, आक्का, बाणकोटला बाळंत झाली होती. दाजी तिथं बंदराच्या नाक्यावर शिपाई. आक्काला दूध येईना. आईनं दावं माझ्या हाती दिलं. "पोरीचा जीव ह्या शेरडावर (शेळीवर) हाय. डोळ्याआड करू नगं."

सोबतीला चुलते. वरंधा घाट पायी उतरलो, पुढं महाडकडून मचव्यानं (शिडाच्या होडीनं) खाडीतून गेलो. शेळी गुमान बसली, ओकले ती मी.

बाणकोटला नदी कुठं संपते नि समुद्र कुठं लागतो, हे मी तिघांना विचारलं. तिघांनी तीन दिशांना हात केले. चुलते तेवढ्यात परतीच्या मचव्यात बसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शेळी माडाच्या झावळ्यांना तोंड लावीना. खाडीच्या पात्रात हिरवं दिसलं, खुंटाही दिसला. आमच्याकडं नीरेच्या पात्रात उन्हाळाभर शेरडं अशीच बांधतात. बांधली, आणि झाडाखाली टेकले. डोळा लागला.

उघडला तर शेळीच्या पोटापर्यंत पाणी! मी आधी वर पाहिलं. ढग नाही. आमची नदी फुगते ती डोंगरात पाऊस झाल्यावर. आणि हे पाणी तर खालून वर चाललेलं! मला वाटलं, मीच उलटी उभी आहे.

"गो बाय, बगतंस काय? शेली बुडतंय तुजी!" पाटी डोक्यावर घेतलेली एक कोळीण ओरडली.

"पाऊस कुठं पडला?" मी विचारलं. शेळी गळ्याएवढ्या पाण्यात, नि मी पावसाची चौकशी करतेय!

"पाऊस न्हाय गो, भरती! दिसातून दोनदा येतंय!" पाटी टाकून ती पाण्यात शिरली, कोयत्यानं दावं तोडलं.

शेळी वाचली, पण भेदरून आटली. संध्याकाळी थेंब देईना. पोरगी रडून रडून निळी पडली. तेवढ्यात तीच कोळीण, सखू, शेळीची विचारपूस करायला आली. कडेवर तिचं तान्हं. तिनं पाहिलं, आपलं मूल माझ्याकडं दिलं आणि आक्काच्या पोरीला पदराखाली घेतलं.

मी पुटपुटले, "आक्का, आपल्यात चालतंय व्हय?"

"भुकेला इचार," आक्का म्हणाली.

शेळी पान्हावेपर्यंत चार दिवस सखू येत राहिली.

महिन्यानं घरी परतले. समुद्र कसा असतो, बायकांनी विचारलं. पाणी जातं नि परत येतं, म्हटलं. "पावसाबिगर?" चुलतीनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. "शेरडानं पोर तारली," म्हणत आईनं त्या शेळीचं कूळ शेवटपर्यंत जपलं. सखूनं पोरीला पाजलं हे कळलं तर आई काय म्हणेल, या भीतीनं मी गप्प राहिले. तोंड एरवी कधी बंद नसायचं, नेमकं तेव्हा शिवलं गेलं.

भाचीला सांगितलं ते तिच्या हळदीच्या दिवशी. ती एवढंच म्हणाली, "मावशी, सखूमावशीला आवतान धाडलं का?"

धाडलं नव्हतं.