खुर्चीवाल्यांच्या पोटाचं काम

बसक्या सोफ्यांना आणि फाटक्या खुर्च्यांना पुन्हा बसण्यालायक करणं हा आमच्या शेजारच्या खुर्चीवाल्यांचा धंदा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीशी हात मोडलेल्या आरामखुर्च्या दवाखान्यातल्या रांगेसारख्या ताटकळत असतात आणि मधोमध, खाली जमिनीवर, खुर्चीवाले. जन्मभर खुर्च्यांत राहूनही खुर्चीचा मोह न झालेला हा एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आहे. तोंडात बारीक खिळ्यांची रांग धरून ते काम करतात, त्यामुळे त्यांचं बोलणं निम्मं कळतं. त्यांच्या बायकोच्या मते तेवढंच कामाचं असतं.

एके काळी त्यांचं वजन एकशे अठरा किलो होतं. डॉक्टरांनी साखरेची भीती घातली आणि दोन वर्षं नेटाने चालून, तोंड आवरून त्यांनी चाळीस किलो उतरवले. सगळ्यांनी कौतुक केलं. कातडीने मात्र दखल घेतली नाही. ती जुन्याच मापाची राहिली आणि पट्ट्यावरून खाली लोंबू लागली. घामाने तिच्याखाली पुरळ उठायचं, वाकलं की ती सोफ्याच्या चौकटीत सापडायची. फोटो काढायची वेळ आली की खुर्चीवाले चटकन एखाद्या खुर्चीमागे जाऊन उभे राहायचे.

मग मुलीचं लग्न ठरलं. तिने जुने फोटो चाळले आणि एवढंच म्हणाली, "बाबा, एकाही फोटोत तुम्ही छातीच्या खाली नाही. लग्नात तरी माझ्या शेजारी समोर उभे राहा."

खुर्चीवाल्यांनी तोंडातले खिळे काढून डबीत ठेवले. पोटाचं ऑपरेशन करायचं ठरलं.

असल्या गोष्टी गुप्त ठेवायच्या असतात, म्हणून दुपारपर्यंत त्या फक्त चाळीस लोकांना कळल्या. त्या चाळिसांत तज्ज्ञ नसलेला एकही माणूस नव्हता. समोरच्या केस कापणाऱ्याने कात्री थांबवून सांगितलं की हे पडद्यावरच्या बायकांचं काम, पुरुषाला पोट असतंच कुठे, असते ती प्रतिष्ठा. त्याची स्वतःची प्रतिष्ठा गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेकली होती. वरच्या मजल्यावरचा व्यायामवीर म्हणाला, रोज शंभर उठाबशा काढा, कातडी आपोआप आत जाते. ती कुठे आत जाते हे विचारायचं राहून गेलं. मेव्हणीने कुठेतरी वाचलं होतं की हल्ली सगळं किरणांनी करतात, ओरखडासुद्धा उठत नाही. आणि मेव्हणा, जो स्वतः शंभर किलोंकडे झुकला होता, त्याने तर मार्गच मोकळा केला. "भावोजी, नळीने सगळं ओढून घेतात. वीस किलो तिथल्या तिथे गायब. मग जन्मभर काय वाटेल ते खा." असा माणूस घरात असताना डॉक्टरकडे जायची खरं तर गरज नव्हती. तरी नवराबायको गेले.

डॉक्टरबाई किडकिडीत आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि सगळ्या तज्ज्ञांच्या ज्ञानावर पाणी फिरवलं. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही, वजन तुम्ही आधीच उतरवलंय, काट्यावर फार तर दोनतीन किलोंचा फरक दिसेल. पोटाचे ताणलेले स्नायू आवळून शिवायचे, जादा कातडी काढायची. व्रण राहील, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत, फक्त कपड्याखाली झाकला जाईल. खाणं सुटलं तर पोटही सुटेल.

खुर्चीवाल्यांना सगळं लख्ख कळलं. म्हणजे आतला फोम तसाच ठेवायचा, सैल पडलेले पट्टे ताणून बसवायचे आणि वरचं जादा कापड कापून टाकायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतकं नीट आजवर कुणालाच समजलं नव्हतं.

घोटाळा पुढे झाला. डॉक्टरबाईंनी सांगितलं की तीन आठवडे वाकून चालावं लागेल, सहा आठवडे जड उचलायचं नाही, तेव्हा लग्न उरकल्यावरच या. आता खुर्चीवाल्यांच्या धंद्यात तीन दिवसांचं काम असेल तर गिऱ्हाइकाला आठ दिवस सांगायची रीत आहे. पाचव्या दिवशी माल दिला की गिऱ्हाईक खूश, आणि दोन दिवस आपल्या हातात. तीस वर्षांत त्यांनी कुणाला खरी तारीख सांगितली नव्हती आणि कुणाकडून खरी ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. डॉक्टरबाईही कारागीर माणूस, खुर्चीवाल्यांनी हिशेब केला. तीन आठवडे म्हणतायत म्हणजे एक आठवडा. लग्नाच्या फोटोत ताठ उभं राहायचंय असं सांगून त्यांनी हट्टाने लग्नाच्या पंधरा दिवस आधीची तारीख घेतली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "फोटोचं मी सांगू शकत नाही." खुर्चीवाल्यांना वाटलं, भाव वाढवतायत.

ऑपरेशन उत्तम झालं. घरी आल्यावर आडवं झोपवेना, म्हणून एका वकिलाच्या दुरुस्तीला आलेल्या आरामखुर्चीत, गुडघ्याखाली उशा घेऊन, ते आठ दिवस पडून राहिले. वकील रोज तारीख विचारायचे आणि रोज पुढची तारीख मिळायची. सवय त्यांनाही होतीच. आठव्या दिवशी खुर्चीवाले उठले आणि ताठ व्हायला गेले. पोटाने साफ नकार दिला. दहाव्या दिवशी तेच. बाराव्या दिवशी ते बायकोला हळूच म्हणाले, "अगं, ही बाई खरं बोलत होती." असं कोणी वागेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

लग्न छोटंसं होतं, नोंदणी आणि मग हॉलमध्ये जेवण. खुर्चीवाले नव्या शर्टाखाली घट्ट पट्टा बांधून, कमरेत वाकून, दाराशी उभे. मुलाकडचे भारावले. इतका नम्र मुलीचा बाप त्यांनी पाहिला नव्हता. व्याह्यांनी तर प्रत्येक वेळी त्यांच्यापेक्षा थोडं जास्त वाकायचा प्रयत्न केला आणि दुपारपर्यंत त्यांची कंबर धरली.

फोटोची वेळ आली. खुर्चीवाल्यांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं, पण मुलीने हात धरून त्यांना थेट मधोमध आणलं. फोटोवाला म्हणाला, काका, जरा ताठ. काकांनी प्रयत्न केला, चेहरा पांढरा पडला. फोटोवाला पुन्हा म्हणाला, काका, ताठ. मुलीचा चेहरा उतरला नाही. तिने बाबांकडे एकदा पाहिलं, साडी सावरली आणि त्यांच्याच उंचीइतकी वाकून उभी राहिली. ते पाहून जावई वाकला. मग व्याही, कंबर धरून. मग खुर्चीवाल्यांची बायको, हसू दाबत.

"काढा आता," मुलगी फोटोवाल्याला म्हणाली.

त्याने मुकाट्याने कॅमेरा दोन वीत खाली घेतला.