पांदणीच्या तोंडची बोराटी

मित्रांनो, गेममध्ये अडवलेली वाट दिसली की मला राहवत नाही. पलीकडे काहीतरी दडलेलं असतंच.

आज दुपारी वरवट बकालहून परतताना पुलाजवळ शेतात जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी काट्यांची बोराटी आडवी लावलेली दिसली. गाडी उभी केली, बोराटी सरकवली आणि आत शिरलो. आत कोणाचा तरी कोवळा हरभरा होता, टिटव्या ओरडत होत्या. लय भारी वाटलं!

घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगितलं. ती शेतकऱ्याची पोरगी. म्हणाली, "अन् येतांना बोराटी परत लावली का तुम्ही?"

आठवतच नाही हो! गेममध्ये उघडलेलं कोण बंद करतं?

गुरं घरी परतायची वेळ झालीय. मी निघालोय, पण पोचायला अर्धा तास लागेल. पुलाजवळ आत्ता कोणी आहे का? तेवढी बोराटी लावता का?