आधी पाला, मग सायेब

“आधी पाला, मग सायेब.”

मी मोटारीच्या दाराला हात घातला की आमचा ड्रायव्हर हे म्हणायचा आणि माझ्याकडे पाठ करून समोरच्या काचेखालच्या जाळीवर वाकायचा. त्या जाळीतून हवा आत यायची. कचेरीसमोरच्या कडुलिंबाची वाळकी पानं तिच्यात अडकायची. तो ती दोन बोटांनी एकेक काढायचा आणि मी उन्हात उभा.

मला तो आवडत नव्हता, त्याला मी नव्हतो. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम चोख करतात आणि त्या चोखपणानेच आपला अपमान करतात.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जुन्या जिल्ह्यातून वाटणीत टेबलं आली, कपाटं आली, मी आलो आणि ती म्हातारी मोटार घेऊन हा आला. त्यात दुष्काळ. चाऱ्याचं वाटप बघत आम्ही औसा, निलंगा, किल्लारी असे हिंडायचो. सगळीकडे कडब्याचा भुसा उडायचा.

म्हणून त्याने जाळीवर एक फडकं ताणून बांधलं होतं, बायकोच्या जुन्या लुगड्याचं. त्याचा लाल काठ लांबून दिसायचा.

“काढा ते,” मी म्हणालो. “सरकारी गाडीवर धुणं वाळत घातल्यासारखं दिसतंय.”

“मोटारीचं नाक हाय ते. तिच्या नाकात गेलेला भुसा आपल्याच डोळ्यात येतो, सायेब.”

“मला शिकवू नका.”

“शिकवत न्हाई. सांगायलोय.”

किल्लारीच्या चारा डेपोवर एकदा वरचे साहेब यायचे होते. मोटार कडब्याच्या ट्रकशेजारी उभी होती आणि हा रेडिएटरला पाणी आणायला गेला होता. मी फडकं ओरबाडून काढलं आणि लांब फेकलं. एका हडकुळ्या बैलाने ते तोंडात धरलं आणि चघळायला लागला. रांगेतली माणसं हसली. हा परत आला, बैलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाणी भरलं.

परतताना मला उकडायला लागलं. जाळीखालची हवेची झडप उघडायचा दांडा आम्हा दोघांच्या मध्ये होता.

“उघडू नका, सायेब. वर भुसा साठलाय.”

त्याने नको म्हटलं म्हणूनच मी उघडली. मूठभर भुसा सरळ त्याच्या तोंडावर आला. समोरून माणसांनी भरलेली जीप येत होती. त्याने स्टिअरिंग सोडलं नाही. मोटार कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच डोळ्यावर हात नेला.

कडब्याचं कुसळ बुबुळात गेलं होतं. तो डोळा अधू झाला आणि गाडी त्याच्या हातून कायमची गेली.

अहवाल मला लिहायचा होता. मी लिहिलं, ‘जाळीची निगा चालकाने राखली नाही.’

त्याने कागद चांगल्या डोळ्याजवळ नेऊन वाचला. “निगा मी राखली न्हाई?”

मी पेन पुढे केलं. त्याने सही केली.

त्याला कचेरीच्या फाटकावर बसवलं. तरी रोज सकाळी तो उठून यायचा आणि जाळी साफ करायचा. एक डोळा अधू असल्यामुळे अंदाज चुके, मग बोटांनी चाचपायचा. मला ते बघवत नसे, म्हणून मी त्याच्यावरच खेकसलो. “नवा ड्रायव्हर आहे ना? तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमच्यासाठी न्हाई करायलो. मोटारीसाठी.”

तो कागद बदलायला मला पाच मिनिटं लागली असती. रोज वाटायचं, आज बदलू. स्वतःची शिसारी यायची, आणि तिचा राग मी त्याच्यावर काढायचो.

तो निवृत्त झाला त्या दिवशी कपाळावर ताजी विभूती लावून आला. जाळी साफ केली, हात झटकले.

“सायेब, त्या कागदावर अजून तसंच लिव्हलंय ना?”

“हो.”

“बरं.”

आणि त्याने माझ्यासाठी दार उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “बसा,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जाळीत पानं तशीच होती. नव्या ड्रायव्हरने दार उघडून धरलं होतं. मी पानांकडे बघितलं आणि आत जाऊन बसलो.