वेल्टाची चौथी चाल

रविवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी वेल्टा ब्रेमाने हिने उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले आणि घड्याळ दाबले. तिची ही दुसरीच चाल. मागे उभ्या असलेल्या संघाच्या कप्तान इंगुसने कपाळाला हात लावला.

त्याने आधीच विनवले होते. "वेल्टाकाकू, आज तरी ते खूळ नको. अर्धा गुण मिळाला तर आपला लिएपायाचा संघ पहिल्या गटात राहतो, नाहीतर खाली जातो. शांत खेळा."

"शांत? आयुष्यभर ट्रॅम चालवली, तेवढं पुरे झालं."

खूळ म्हणजे लाटवियन गँबिट. प्यादे द्यायचे, हल्ला घ्यायचा. डेपोतला मेकॅनिक एवाल्ड्स आणि ती दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात शेगडीजवळ पट मांडून ही सुरुवात घोटत. बाहेर रुळांवर बर्फ साठलेला असे. राईचा काळा पाव चावत एवाल्ड्स क्रम बजावी, "आधी घोड्याला हुसकाव, मग प्यादं खा." त्याला जाऊन आता बरीच वर्षे झाली. डेपोत शेगडीही उरली नाही.

क्रम इतका मुरला होता की चौथ्या चालीला वेल्टाने पटाकडे पाहिलेच नाही. हाताने थेट प्यादे खाल्ले. समोरच्या पांढऱ्या घोड्याला हुसकावणारी चाल राहूनच गेली. सोडलेली सोंगटी परत उचलता येत नाही. तो घोडा मधोमध ठाण मांडून बसला.

समोरच्या रीगाच्या सानिता ओझेरेने चुकीचा पुरेपूर फायदा घेतला. दुपारपर्यंत वेल्टाकडे राजासोबत एक हत्ती आणि तापलेले कान एवढेच उरले; सानिताकडे हत्तीबरोबर एक प्यादे जास्त होते. पण तिने राजा सानिताच्या शेवटच्या प्याद्यापुढे नेऊन बसवला आणि तो तिथून हलू दिला नाही. चारच्या सुमारास सानिताने हात पुढे केला. बरोबरी. लिएपाया पहिल्या गटात राहिले.

रिवाजाप्रमाणे दोघी बाजूच्या टेबलावर तोच डाव पुन्हा मांडून बसल्या.

"काकू, घोडा आधी का नाही हुसकावलात?"

"माहीत होतं गं. हातच पुढे पळाला. एवाल्ड्स असता तर आठवडाभर पिडलं असतं मला."

इंगुस खुर्ची ओढून बसला. "ते काम माझ्याकडे. पण आधी मला हा क्रम शिकवा."

"तुला? तू तर शांत माणूस!"

"म्हणूनच."

"मग उद्या ये. काळ्या सोंगट्या तुझ्या."

उद्या सोमवार. क्लब संध्याकाळी सहाला उघडतो.