पहिल्या पडद्यावरचं नाव

मिरजेतल्या आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला तो यायचा. मूळचा औंधचा, यमाईदेवीच्या गावचा. कुणाच्याही प्रोग्रामची कॉपी मागा, फ्लॉपीवर फुंकर मारून लगेच करून द्यायचा. वर म्हणायचा, "आवं, चोरी कसली? मूळ माल जागेवरच हाय की!"

एकदा डॉक्टरांनी कुठूनसा पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम आणला. त्यानं तो चालू केला. पडद्यावर उमटलं, 'यमाई प्रसन्न'. त्यानं त्या ओळीखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"तू लिहिलायस काय रे?" मी विचारलं.

"व्हय. खाली माझं नाव हुतं."

देवीला हात लावायची कॉपी करणाऱ्याची छाती झाली नव्हती. याचं नाव तेवढं पुसलं होतं.

"मग घाल की परत."

त्यानं नको म्हणून मान हलवली.

पुढंही तो कॉप्या करून द्यायचा, फुंकर मारायचा. मूळ माल जागेवर आहे, असं मात्र पुन्हा कधी म्हणाला नाही.